चाळीस सेकंदांचे कपडे

लिहिण्याआधी सुनंदाताईंची परवानगी घेतली. नाव, वस्ती, शाळा ओळखू येणार नाही इतपत बदललं आहे. "लिहा मॅडम, पण सोमवारच्या साडीचा रंग लिहू नका, साऱ्या शाळेला समजेल," एवढी एकच अट त्यांनी घातली. म्हणून तो रंग इथे लिहिलेला नाही. मी फिजिओथेरपिस्ट. लघवीवर ताबा राहत नाही, अंग खाली आल्यासारखं वाटतं, अशा तक्रारी घेऊन बायका माझ्याकडे येतात आणि मी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवते. कपडे हा माझा विषय नव्हता. या प्रकरणाने तो माझ्या टेबलावर आणून ठेवला.

पार्श्वभूमी

सुनंदाताई ५७ वर्षांच्या. पूर्व नागपुरातल्या एका अनुदानित शाळेत आठवी-नववीला गणित शिकवतात. दोन बाळंतपणं, पाळी जाऊन सहा वर्षं, रक्तदाबाची गोळी चालू. घरी निवृत्त यजमान, मुलगा, सून आणि ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई. शाळेत जायला स्कूटी. शिक्षिकांचं स्वच्छतागृह तळमजल्यावर एकच, आणि ताईंचे वर्ग दुसऱ्या मजल्यावर. हा जिना पुढे पुन्हा येईल.

त्रास सुरू होऊन चार वर्षं झाली होती. आधी शिंकताना, खोकताना, हसताना चार थेंब. मग दुसराच प्रकार सुरू झाला: लघवी लागली की लगेच लागायची आणि थांबायचीच नाही. घराचं कुलूप उघडेपर्यंत धीर निघेना, भांडी घासताना नळ सुरू केला की पळावं लागे. डॉक्टर याला मिश्र प्रकार म्हणतात. ताणाने निसटणारी लघवीही आहे आणि घाईने सुटणारीही.

चार वर्षं त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. सुनेच्या लक्षात आलं ते कपड्यांवरून. ताई आपले परकर वेगळ्या बादलीत, पहाटे, सगळे उठायच्या आत धुतात, हे तिने महिनाभर पाहिलं आणि एक दिवस सरळ विचारलं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तीच त्यांना घेऊन आली.

अडचण

पहिल्या भेटीला ताई आल्या त्या दुपारी दोनला. बाहेर ४३ अंश. अंगात गुडघ्याखाली जाणारा काळा कुर्ता, काळी जाड लेगिंग, वर मोठी ओढणी. मी माहिती लिहून घेत होते तेवढ्यात त्या उठल्या आणि बाथरूम कुठे म्हणून विचारलं. बऱ्याच वेळाने परतल्या तेव्हा कुर्त्याचा पुढचा घेर ओला होता. "नळ जोरात आला," म्हणाल्या. मला ते खरं वाटलं. माझ्या त्या नळाला धार कधीच नसते हे मला तेव्हाही माहीत होतं, तरी.

मी त्यांना आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. लघवीत जंतुसंसर्ग निघाला, त्यावर औषध झालं. साखर ठीक होती. तपासणीत अंग थोडं खाली आलेलं होतं, पण शस्त्रक्रियेची वेळ नाही, आधी व्यायाम करून पाहा असा सल्ला मिळाला. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं आणि ताई ती शाळेत निघण्याआधी घ्यायच्या. ती वेळ त्यांच्या डॉक्टरांनी बदलून दिली. (ही गोष्ट डॉक्टरांनीच करायची. गोळी आपल्या मनाने पुढे-मागे करू नये.)

मी व्यायाम सुरू केले. स्नायू आत-वर ओढून धरायचे आणि सोडायचे, एका वेळी किमान आठ, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. ताई गणिताच्या बाई असल्याने मोजण्यात चूक नव्हती. पण पंधरा दिवसांनी लघवीच्या नोंदींची डायरी पाहिली तर गळती होती तेवढीच. दिवसाला चार-पाच वेळा. आणि एक गोष्ट विचित्र होती. बहुतेक वेळा लघवी रस्त्यात किंवा वर्गात सुटत नव्हती. ती बाथरूमच्या आत सुटत होती. दार लावल्यानंतर.

"आत जाऊन नेमकं काय होतं, ते सांगा बरं," मी तिसऱ्या भेटीत विचारलं. हा प्रश्न पहिल्याच भेटीत यायला हवा होता. ताई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "मॅडम, निघत नाही ना लवकर. ओढून राहते, ओढून राहते, आणि तेवढ्यात होऊन जाते."

झाकण्यासाठी केलेली तयारी

त्या दिवशी आम्ही व्यायाम बाजूला ठेवला आणि कपड्यांचा हिशेब मांडला. सर्वांत आत पाळीचे दोन पॅड, एकावर एक. त्यावर घट्ट निकर. त्यावर पोट आत दाबणारी, मांडीपर्यंत येणारी शेपवेअरची चड्डी, कारण पॅड हलू नये. त्यावर लेगिंग. शाळेत जाताना लेगिंगऐवजी साडीखाली घालायचा तो नव्या धाटणीचा लवचीक, माशाच्या शेपटीसारखा परकर. तो मांड्यांना चिकटून बसतो, साडी चापूनचोपून दिसते. दुकानदाराने "मॅडम, एकदम स्लिम" म्हणून दिला होता.

यातली प्रत्येक वस्तू झाकण्यासाठी घेतलेली होती, आणि जवळजवळ प्रत्येक वस्तू गळती वाढवत होती. पाळीचं पॅड रक्तासाठी बनवलेलं असतं. रक्त हळूहळू येतं. लघवी एकदम, पातळ आणि जास्त येते, ती पॅडवरून बाजूला वाहते. खाली दुसरं पॅड लावून काही होत नाही, कारण वरच्याच्या तळाशी प्लास्टिक असतं आणि लघवी खालच्यापर्यंत पोचतच नाही. पोटावर घट्ट बसणारा पट्टा मूत्राशयावर दाब आणतो. आणि लायक्रा, पॉलिस्टर, एप्रिलचं ऊन, स्कूटीची तापलेली सीट. मांड्यांच्या आतल्या बाजूला घामोळं आणि लाल चट्टे होते. वास येऊ नये म्हणून त्या धुण्याच्या पाण्यात जंतुनाशक औषध घालत होत्या आणि अंगालाही तेच पाणी लावत होत्या. चट्टे का बरे होत नव्हते ते तिथे समजलं.

पाण्याचं तर विचारूच नका. सकाळी सातपासून शाळा सुटेपर्यंत एक पेला. नागपूरच्या उन्हाळ्यात. कमी पाण्याने लघवी दाट होते, वास वाढतो, मूत्राशय आणखी चिडतं, जंतुसंसर्गाला वाव मिळतो. वास लपवायला पाणी तोडायचं आणि पाणी तोडलं म्हणून वास वाढायचा, असं ते चक्र होतं.

समोर असलेले पर्याय

ताईंच्या मनात पहिला पर्याय स्वेच्छानिवृत्तीचा होता. अर्जाचा कच्चा मसुदा पर्समध्येच होता, मला दाखवला. नोकरीचं जेमतेम एक वर्ष उरलेलं, आणि बाई ते सोडायला निघाल्या होत्या.

सुनेचं म्हणणं, सरळ मोठ्यांचे डायपर घालावेत. पँटसारखे मिळतात, चिंता मिटली. हे चूक नव्हतं. पण एक नग तीसेक रुपयांच्या पुढे, दिवसाला तीन, महिन्याचा हिशेब ताईंनी तोंडीच सांगितला. शिवाय मे महिन्यात दिवसभर डायपर आणि ते चट्टे, हे जमणारं नव्हतं. आणखी एक अडचण सुनेच्या लक्षात आली नव्हती: पँटसारखा डायपर बदलायचा तर लेगिंग पूर्ण उतरवावी लागते. शाळेच्या ओल्या फरशीवर, एका पायावर उभं राहून.

तिसरा पर्याय साडी सोडून सलवार-कुर्त्यावर जाण्याचा. शाळेत चाललं असतं. मार्च २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या पेहरावाबद्दल सूचना काढल्या, त्यात शिक्षिकांसाठी साडीबरोबर सलवार किंवा चुडीदार, कुर्ता, दुपट्टा आहेच. पण त्याच सूचनांत गडद रंगाचे आणि चित्रविचित्र नक्षीचे कपडे नकोत असंही म्हटलं आहे. ओलावा लपवायला नेमकं तेच लागतं. ताईंच्या शाळेत मुख्याध्यापिका या बाबतीत कडक होत्या. शिवाय सोमवारी सर्व शिक्षिकांना शाळेची ठरलेली फिकी साडी.

चौथा पर्याय मी मांडला तो अर्धवट होता: कपडे आहेत तसेच राहू द्या, तीन महिने व्यायाम करा, फरक पडेल. आज वाटतं की मी तेवढ्यावरच थांबले असते तर ताईंनी तो अर्ज दिला असता.

पहिला निर्णय: घड्याळ

मी त्यांना तीन दिवस एकच गोष्ट मोजायला सांगितली. लघवी लागल्याचं पहिल्यांदा जाणवल्यापासून ती निसटेपर्यंत किती वेळ मिळतो? ताई घड्याळ बघायच्या नाहीत, पाढे म्हणायच्या. "सतराचा पाढा सहादा म्हणून होते, सातव्यांदा नाही," हे त्यांचं उत्तर. घड्याळावर लावून पाहिलं तर साधारण चाळीस सेकंद.

मग दुसरं मोजमाप. सुट्टीच्या दिवशी, घरी, मूत्राशय रिकामं असताना, प्रत्येक पोशाख घालून बाथरूमच्या दारापासून बसेपर्यंतचा वेळ. सून बाहेर मोबाइलवर घड्याळ लावून उभी. सासूबाई विचारत होत्या, "काय करून राहिल्या दोघी?" तर "शाळेची स्पर्धा आहे" असं सांगितलं.

लेगिंग आणि शेपवेअर: ५२ सेकंद. घाम आलेला असेल तर मिनिटाच्या वर, कारण लायक्रा अंगाला चिकटतो. नाडीची सलवार: गाठ नीट सुटली तर २०, आणि सुटली नाही तर ताईंनी मोजणं सोडून दिलं. घाईत नाडीचं चुकीचं टोक ओढलं की पक्की गाठ बसते, हे प्रत्येक बाईला माहीत आहे. साडी आणि लवचीक परकर: ४८. आणि साडीखाली साधा सुती घेराचा परकर, आत फक्त निकर: १४.

या चौदाने आम्हा तिघींनाही चकित केलं. साडी वर उचलली की झालं, नाडी सोडायचीच नसते. ताई चार वर्षं साडीला दोष देत होत्या. साडी निर्दोष होती, तिच्या आत घातलेल्या वस्तू वेळ खात होत्या. इलास्टिकचा पॅलाझो १२ सेकंदांचा निघाला, पण त्याचे घेरदार पाय फरशीला टेकतात. त्यामुळे तो घरापुरता ठेवला.

चाळीस सेकंदांतून जिना आणि व्हरांडा वजा केला तर कपड्यांसाठी पंधराच्या आसपास उरतात. तिथून पुढे नवा कपडा निवडताना पहिला प्रश्न हाच राहिला: पंधरात निघतो का? दिसतो कसा, हा नंतरचा.

दुसरा निर्णय: चमच्याने पाणी

दिसण्याचा प्रश्न होताच. तो सुनेने सोडवला, आणि तिची पद्धत मी आता सगळ्यांना सांगते. तिने कपाटातल्या साड्या, कुर्ते अंगणातल्या दोरीवर टाकले, प्रत्येकावर दोन चमचे पाणी ओतलं आणि फाटकापाशी जाऊन उभी राहिली.

साधा राखाडी, खाकी, आकाशी सुती कपडा सर्वांत वाईट. डाग फाटकावरूनच दिसला. पांढरं मलमल गडद होत नाही, पण आरपार दिसतं. मरून रेशमावर ओलावा कमी दिसला, पण वाळल्यावर कडेची रेघ राहिली. टसरची करवती साडी, ताईंच्या लग्नातली, तिच्यावर पाणी टाकायची हिंमत कोणाची झाली नाही. टसरवर पाण्याचा डाग बसतो हे सासूबाईंनी खिडकीतूनच ओरडून सांगितलं. नेव्ही ब्लू जमिनीवर बारीक पांढरी छपाई असलेली सुती साडी जिंकली. दोन हातांवरूनही ओलं कुठे ते सांगता येईना. काळाही चांगला, पण उन्हात तापतो.

सूचनांच्या मानाने रंग गडदच, पण छपाई बारीक, टिपक्या-बुट्टीची, ती "चित्रविचित्र नक्षी"त मोडत नाही. मुख्याध्यापिकांनी दोनदा वर-खाली पाहिलं म्हणे, बोलल्या काही नाहीत.

कापडाबद्दल एक भर. सुती कपडा हवेशीर, पण ओला झाला की ओलाच राहतो. पॉलिस्टर-मिश्र पटकन वाळतो, पण वास धरून ठेवतो आणि गरम होतो. आम्ही ठरवलं ते असं: अंगालगत सगळं सुती, वरची साडी हलक्या छपाईची, सुती किंवा फार तर थोडं मिश्रण चालेल. निकर सैल नको. सैल निकरीत पॅड अंगापासून दूर लोंबतो आणि कडेने गळतं. म्हणून नितंबांचं माप घेऊन, मांडीत न रुतणारी पण नीट बसणारी होजिअरीची पूर्ण निकर. आत लघवीसाठीच बनवलेला पॅड. तो पाळीच्या पॅडपेक्षा महाग, पण दोनऐवजी एक पुरतो, आणि त्यातली पूड लघवीचा घट्ट जेल करते, त्यामुळे कातडी कोरडी राहते. कातडीवर डॉक्टरांनी दिलेलं मलम अगदी पातळ लावायचं. जाड थर लावला की तो पॅडला लागतो आणि पॅड शोषतच नाही.

तिसरा निर्णय: शिंपीणबाईंना काय सांगायचं

परकर सगळे नव्याने शिवायचे होते. आखूड घेर चालणार नव्हता, आणि साडी घोट्याच्या वर चार बोटं राहील अशी उंची हवी होती, कारण जमिनीला लोळणाऱ्या निऱ्या उचलताना हातातून सुटतात. शिवाय घरच्या सलवारींना नाडीऐवजी मागे रुंद इलास्टिक आणि बाजूला हूक. इतवारी बाजारातून पॉपलिन आणलं. शिंपीणबाई गल्लीतल्याच, ओळखीच्या, आणि बोलक्या. त्यांना कारण काय सांगायचं यावर ताईंनी दोन रात्री काढल्या. शेवटी म्हणाल्या, "गुडघे दुखते, वाकून नाडी बांधता येत नाही." शिंपीणबाईंनी मान डोलावली आणि सांगितलं की या गल्लीत गुडघेदुखीच्या अशा सलवारी त्यांनी आजवर अकरा जणींना शिवून दिल्या आहेत.

एक प्रयोग फसला. मीच सुचवला होता. लहान मुलांच्या धुता येणाऱ्या लंगोटांना जे पाणी न झिरपणारं कापड वापरतात, त्याचा एक पट्टा परकराला मागून आतून लावून घ्यायचा. लावला. ओलावा साडीपर्यंत खरंच पोचला नाही. पण मे महिना, कुलर नसलेली खोली, पाठीखाली प्लास्टिकसारखं कापड. ताईंना तासाभरात घामाने इतकं भिजायला झालं की ओलं कशाने झालं तेच समजेना. चालताना आवाजही यायचा, कुरकुरीत. तो परकर आता हिवाळ्यातल्या लांब प्रवासासाठी ठेवला आहे. मी तो स्वतः तासभर घालून पाहायला हवा होता, मग सुचवायचा होता.

शाळेतल्या छोट्या तडजोडी

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे हे सगळं घरी करून पाहायला दीड-दोन महिने मिळाले. शाळा उघडल्यावर तीन गोष्टी केल्या.

स्वच्छतागृहात कचऱ्याचा डबा नव्हता. ताई वापरलेले पॅड पर्समध्ये घालून घरी आणायच्या. मुख्याध्यापिकांना खरं सांगायचं की नाही, यावर आम्ही बराच वेळ बोललो. माझं मत सांगावं असं होतं, तासांचं वेळापत्रकही सोयीचं झालं असतं. ताईंचं मत नव्हतं आणि शेवटी निर्णय त्यांचाच. त्यांनी "सर्व शिक्षिकांसाठी झाकणाचा डबा हवा" असा अर्ज आणखी चौघींच्या सह्या घेऊन दिला. डबा आठवड्यात आला.

दुसरं, कपाटात एक पिशवी: निकर, दोन पॅड, परकर, काळी पिशवी, छोटा पंचा आणि निऱ्या आधीच शिवून ठेवलेली त्याच छपाईची दुसरी साडी. एकाच छापाच्या दोन साड्या घेतल्या म्हणजे मधल्या सुट्टीत साडी बदलली तरी कोणाला कळत नाही. ही कल्पना ताईंची, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत हुशार.

तिसरं स्कूटीच्या सीटवर गडद टर्किश टॉवेलचं कव्हर. तापलेल्या सीटचा चटका कमी झाला आणि उतरल्यावर मागे वळून सीट बघायची सवयही.

व्यायामासोबत मूत्राशयाला शिस्त लावणं चालूच होतं. ठरलेल्या वेळी जायचं, हळूहळू अंतर वाढवायचं. घाई आली की धावायचं नाही. जागीच थांबायचं, स्नायू चार-पाचदा झटकन आवळायचे, मन दुसरीकडे न्यायचं, लाट ओसरली की चालत जायचं. मन दुसरीकडे न्यायला ताई एकोणतीसचा पाढा म्हणतात. सतराचा फार सोपा पडतो म्हणे.

महालक्ष्म्यांचे तीन दिवस

सर्वांत अवघड निर्णय सप्टेंबरात आला. घरी ज्येष्ठा-कनिष्ठा बसतात. मधल्या दिवशी सोळा भाज्या, पुरण, आंबील, कढी, आणि सारा स्वयंपाक सोवळ्यात. सोवळं म्हणजे रेशमी नऊवारी, काष्ट्याची. आम्ही मोजलेल्या सगळ्या पोशाखांत काष्टा शेवटचा आला असता, मोजायचीही गरज नव्हती. शिवाय सोवळ्यात असताना बाथरूमला जाऊन आलं की पुन्हा आंघोळ, पुन्हा सोवळं. मागची तीन वर्षं ताई त्या दिवशी पहाटेपासून आरतीपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायच्या नाहीत. गेल्या वर्षी चुलीपाशी चक्कर आली होती, सगळ्यांनी ती उपासाची म्हणून सोडून दिली.

या वेळी सुनेने परस्पर सासूबाईंना, म्हणजे ताईंच्या सासूबाईंना, सगळं सांगून टाकलं. ताई तिच्यावर दोन दिवस रागावल्या होत्या. मला विचाराल तर राग बरोबर होता. परवानगीशिवाय सांगणं चुकीचंच. पण निघालं ते असं. म्हातारीने ताईंना बोलावलं आणि म्हणाली, "सुनंदे, धुऊन, कोणी न शिवता वाळवलेलं सुती पातळही सोवळंच असते. तीन पातळं वाळत घाल काठीनं. गेली की आंघोळ कर, दुसरं नेस." ताईंनी चाचरत विचारलं, आत पॅड असतो, ते चालेल का? "देवीनं इचारलं का तुले? मग तू काऊन सांगून राहिली?"

पाचवारी सुती पातळ, तीनदा बदललं, पाणी वेळेवर प्यायल्या. पुरण सुनेने वाटलं.

निष्पत्ती

सहा महिन्यांनी डायरीत गळती आठवड्याला एक-दोन वेळा. बहुतेक शिंकेने, आणि एकदा जिन्यात. चट्टे जून संपायच्या आत गेले होते. स्वेच्छानिवृत्तीचा कागद त्यांनी फाडला नाही, मागच्या कोऱ्या बाजूवर नववीच्या चाचणीचे प्रश्न काढले. लग्नांना जाऊ लागल्या आहेत, हॉलमध्ये शिरताच आधी बाथरूम कुठे ते बघून ठेवतात. रात्रीच्या रेल्वेप्रवासाला मात्र पँटसारखा डायपरच वापरतात, साडीच्या आत, कारण तो बाजूच्या शिवणीवर फाडून काढता येतो आणि काही उतरवावं लागत नाही.

सगळा फरक कपड्यांचा आहे असं मी म्हणणार नाही. गोळीची वेळ, संसर्गावरचं औषध, व्यायाम, कमी केलेला चहा, सगळ्याचा वाटा आहे, आणि कशाचा किती हे एका बाईवरून सांगता येत नाही. पण पहिल्या पंधरवड्यात व्यायाम तेच होते, औषध झालेलं होतं, आणि आकडा हलला नव्हता. शेपवेअर आणि लेगिंग सुटली त्या आठवड्यात तो निम्म्यावर आला.

आता केलं तर वेगळं काय

पहिल्याच भेटीत मी आता विचारते: आज आत काय काय घातलं आहे, आणि ते काढायला किती वेळ लागतो? बायका हसतात, मग सांगतात. पुरुषांनाही विचारते. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर आलेले एक काका बेल्ट, हूक, बटण, चेन आणि आतल्या पायजम्याची नाडी अशा दुहेरी बंदोबस्तात राखाडी पँट घालून आले होते. त्यांना आता इलास्टिकची नेव्ही ट्रॅक पँट दिली आहे.

जंतुनाशक पाण्याबद्दल आणि पिण्याच्या पाण्याबद्दल मी पहिल्या दिवशी विचारलं नाही, त्यामुळे चट्टे आणखी पंधरा दिवस राहिले. घरी जाऊन बाथरूम पाहिलं असतं तर दाराची वरची कडी हात उंचावून लावावी लागते हेही कळलं असतं. ती खाली आणायला सुताराला दहा मिनिटं लागली, आणि ते ऑगस्टमध्ये झालं. मुख्याध्यापिकांना सांगण्याबद्दल माझं मत अजून तेच आहे, पण ताईंचा डबा माझ्या सल्ल्याशिवाय आला हेही खरं. आणि लघवीत रक्त, ताप-जळजळ, लघवी अडणं, किंवा एकाएकी पायांत अशक्तपणा, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा असेल तर कपड्यांचा विचार नंतर, आधी डॉक्टर, त्याच दिवशी. हे आता माझ्या भिंतीवर लिहिलेलं आहे.

सोमवार मात्र सुटलेला नाही. शाळेची ती फिकी, सपाट रंगाची साडी चमच्याच्या परीक्षेत सपशेल नापास झाली. गडद परकर घातला तर आरपार दिसतो, फिका घातला तर डाग दिसतो. ताई सोमवारी जाड पॅड लावतात, दुसरा तास मुद्दाम तळमजल्यावरच्या वर्गावर घेतात आणि ओढणीएवढा लांब पदर मागून पुढे घेऊन कमरेला खोचतात. पुढच्या वर्षी निवृत्त झाल्या की त्या साडीच्या उशांच्या खोळी शिवायच्या असं ठरलं आहे. शिंपीणबाईंना आगाऊ सांगूनही ठेवलं आहे.